एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची व्यायामक्षमता

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची व्यायामक्षमता म्हणजे या विषाणूचा संसर्ग असलेल्या व्यक्तीचे हृदय, फुफ्फुसे, रक्त आणि स्नायू एकत्रितपणे किती काळ व किती तीव्रतेचे शारीरिक श्रम पेलू शकतात, याचे मान होय. बोलीभाषेत यालाच दमसास म्हणतात. एआरटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूविरोधी औषधोपचारामुळे रक्तातील विषाणूभार नगण्य होतो व आयुर्मान वाढते. मात्र उपचार नियमित असूनही अनेकांची व्यायामक्षमता समवयस्क निरोगी व्यक्तींपेक्षा कमी राहते. ही उणीव केवळ औषधांनी भरून निघत नाही. नियमित व क्रमाक्रमाने वाढवलेल्या व्यायामाने ती काही अंशी भरून काढता येते, असे १९९० नंतरच्या संशोधनातून दिसून आले आहे.

भारतात हा विषय उपजीविकेशी निगडित आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा आणि त्यासारख्या मराठवाड्यातील गावांत बहुतेकांचे उत्पन्न शेतीतील अंगमेहनतीवर अवलंबून असते. तेथे व्यायामक्षमता घटणे म्हणजे मजुरीचे दिवस घटणे होय.

संज्ञा आणि मोजमाप

दीर्घकाळ चालणाऱ्या श्रमासाठी लागणारी ऊर्जा शरीर मुख्यतः ऑक्सिश्वसनातून मिळवते. अशा श्रमाला एरोबिक श्रम म्हणतात. श्रमाची तीव्रता वाढवत नेली की शरीराचा ऑक्सिजनचा वापरही वाढतो आणि एका मर्यादेनंतर स्थिरावतो. या मर्यादेला कमाल ऑक्सिजन ग्रहण म्हणतात. ही कल्पना ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आर्चिबाल्ड हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या दशकात मांडली. हे मान शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर मिनिटाला वापरलेल्या ऑक्सिजनच्या मिलिलिटरमध्ये व्यक्त करतात.

स्वस्थ बसलेली व्यक्ती दर किलोग्रॅम वजनामागे मिनिटाला सुमारे ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरते. या प्रमाणाला एक मेट असे म्हणतात. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटर वेगाने चालण्यास साधारण साडेतीन मेट, तर जड शेतकामास त्याहून बरीच अधिक ऊर्जा लागते.

प्रयोगशाळेत ही चाचणी सरकता पट्टा किंवा स्थिर सायकल वापरून, तोंडावर मुखवटा लावून श्वासातील वायूंचे पृथक्करण करून घेतात. ही साधने नसतील तेथे सहा मिनिटांची चालण्याची चाचणी वापरली जाते. तीत साधारणतः ३० मीटर लांबीच्या सपाट मार्गावर सहा मिनिटांत व्यक्ती किती मीटर चालते हे मोजतात. या चाचणीला घड्याळ, मोजपट्टी आणि मोकळा व्हरांडा पुरेसा असल्यामुळे ती प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेता येते. एकदा घेतलेल्या चाचणीपेक्षा काही महिन्यांच्या अंतराने त्याच व्यक्तीची पुन्हा घेतलेली चाचणी अधिक माहिती देते.

घट किती असते

एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींवरील अभ्यासांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक एकत्रित आढावा घेतला असता, त्यांचे कमाल ऑक्सिजन ग्रहण सरासरी २६ मिलिलिटरच्या आसपास आढळले. व्यायामाची विशेष सवय नसलेल्या निरोगी तरुण पुरुषांत हे मान सामान्यतः ३५ ते ४० च्या दरम्यान असते; स्त्रियांत व वाढत्या वयात ते कमी होते. त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना करताना वय व लिंग लक्षात घेणे आवश्यक ठरते. वयाचा विचार करूनही फरक उरतोच. वयस्क एचआयव्हीबाधितांवरील २००६ च्या एका अमेरिकी अभ्यासात त्यांची क्षमता वयानुसार अपेक्षित पातळीपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळली होती.

क्षमता घटण्याची कारणे

ऑक्सिजन हवेतून फुफ्फुसात, फुफ्फुसातून रक्तात, रक्तातून स्नायूत आणि शेवटी स्नायूपेशीतील तंतुकणिकांत पोहोचतो. एचआयव्ही, त्यासोबत येणारे आजार आणि काही औषधे या साखळीच्या प्रत्येक कडीवर परिणाम करू शकतात.

फुफ्फुसे: भारतात एचआयव्हीबाधितांमध्ये सर्वाधिक आढळणारा संधिसाधू आजार क्षयरोग हा आहे. क्षयरोग पूर्ण बरा झाल्यानंतरही फुफ्फुसात व्रण राहू शकतात आणि श्वसनाची राखीव क्षमता कमी होते. तंबाखूचे धूम्रपान आणि चुलीचा धूर यांमुळे ही हानी वाढते.

रक्त: एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमध्ये १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असल्यास जवळपास १९ मिलिलिटर, तर ९ ग्रॅम असल्यास केवळ १२ मिलिलिटर ऑक्सिजन वाहिला जातो. म्हणजे हृदय व स्नायू उत्तम असले तरी रक्तक्षयामुळे क्षमतेचा तिसरा हिस्सा आधीच गमावलेला असतो. विषाणू स्वतः अस्थिमज्जेवर परिणाम करून रक्तक्षय घडवू शकतो आणि झिडोव्हुडिन हे औषधही त्यास कारणीभूत ठरू शकते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) नोंदले गेले. त्यामुळे एचआयव्हीबाधित ग्रामीण स्त्रीच्या बाबतीत हे कारण प्रथम तपासावे लागते.

स्नायू: अनेक अभ्यासांत असे दिसले की स्नायूंपर्यंत रक्त पोहोचूनही त्यातील ऑक्सिजन ओढून घेण्याची स्नायूंची शक्ती कमी झालेली असते. याचे एक कारण तंतुकणिकांची हानी हे आहे. झिडोव्हुडिन, स्टॅव्हुडिन यांसारखी जुनी औषधे विषाणूची वाढ रोखताना तंतुकणिकांतील डीएनएची प्रत तयार करणाऱ्या विकरालाही काही प्रमाणात अडथळा करतात. झिडोव्हुडिनमुळे होणारा स्नायुविकार १९९० मध्येच वर्णिला गेला होता. स्टॅव्हुडिनमुळे हातापायांत मुंग्या येणे, तळपायांची जळजळ आणि चेहरा व हातापायांवरील चरबी झडणे असे परिणाम होत असत. पायांच्या नसांना इजा झालेल्या व्यक्तीला वेगाने चालणेही कष्टप्रद होते.

हृदय व रक्तवाहिन्या: विषाणूभार नगण्य झाल्यावरही शरीरात अल्प प्रमाणात दाह टिकून राहतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराची लवचिकता घटते. एचआयव्हीबाधितांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट असल्याचे आढळले आहे.

निष्क्रियता: दीर्घ आजारपण, थकवा, नैराश्य आणि लोकांच्या नजरा टाळण्यासाठी घरात राहणे यांमुळे हालचाल कमी होते. निष्क्रियतेने स्नायू क्षीण होतात, त्यामुळे थकवा वाढतो आणि थकव्याने पुन्हा हालचाल कमी होते. या सर्व कारणांपैकी व्यायामाने सर्वाधिक बदलता येणारे कारण हेच आहे.

औषधोपचारातील बदल

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळला. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना अर्थात नाको स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. महाराष्ट्राची गणना त्या काळात अधिक प्रादुर्भाव असलेल्या सहा राज्यांत होत असे. शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी देण्यास १ एप्रिल २००४ रोजी प्रारंभ झाला. पहिल्या केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता.

आरंभीच्या औषधसंचांत स्टॅव्हुडिन किंवा झिडोव्हुडिन असे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्टॅव्हुडिनचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली. पुढे भारतातही टेनोफोव्हिरवर आधारित संच रूढ झाले आणि त्यानंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्राव्हिर यांची दिवसातून एकदा घ्यावयाची एकच गोळी वापरात आली. २०१७ पासून सीडी४ पेशींची संख्या कितीही असली तरी निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे.

या बदलांमुळे स्नायू व रक्तावरील दुष्परिणाम पुष्कळ कमी झाले. नव्या औषधांपैकी डोल्युटेग्राव्हिर घेताना मात्र काहींचे वजन वाढते. व्यायामक्षमता दर किलोग्रॅम वजनामागे मोजली जात असल्याने वजनवाढीमुळेही ती घटते. जुन्या काळातील रुग्ण कृश होऊन थकत असे, तर आजच्या काही रुग्णांना वाढलेल्या वजनामुळे धाप लागते. दीर्घकाळ उपचार घेत असलेल्या व्यक्तीला जुन्या औषधांनी झालेली हानीही सोबत वागवावी लागते.

अंगमेहनत आणि क्षमता: चारठाणा परिसराचे उदाहरण

२०२१ च्या अंदाजानुसार भारतात सुमारे २४ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या. त्यांपैकी जवळपास ३ लाख ९४ हजार महाराष्ट्रात होत्या आणि ही संख्या सर्व राज्यांत अधिक होती. यांतील अनेक जण ग्रामीण भागात राहतात.

चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरे व बारवेसाठी ओळखले जाते. परिसरातील काळ्या जमिनीत कापूस, सोयाबीन, तूर व ज्वारी ही पिके घेतली जातात. खुरपणी, कापूस वेचणी, सोयाबीन काढणी ही कामे बहुतांशी हातांनी होतात. मराठवाड्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरणे ही अतिशय जड कामे आहेत. मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर ठरते आणि मुकादमाकडून आधी घेतलेली उचल त्यातून फेडावी लागते.

अशा कामात कमाल क्षमतेपेक्षा दिवसभर टिकणारी क्षमता महत्त्वाची असते. भारतीय कामगारांवरील १९७९ च्या एका अभ्यासानुसार आठ तासांच्या कामात व्यक्तीला तिच्या कमाल ऑक्सिजन ग्रहणाच्या सुमारे ३५ टक्के पातळीपर्यंतचे श्रम अतिरिक्त थकव्याविना पेलता येतात. हा निकष लावल्यास, ज्याचे कमाल मान ३६ आहे तो मजूर दिवसभर १२.६ मिलिलिटर, म्हणजे ३.६ मेट एवढे काम करू शकतो. ज्याचे मान २६ आहे त्याला ९.१ मिलिलिटर, म्हणजे २.६ मेट एवढेच काम झेपते. सामान्य वेगाने सतत चालण्यासाठी लागणारे श्रमही दुसऱ्या मजुराच्या दिवसभराच्या मर्यादेबाहेर जातात. तो काम करतो, परंतु वारंवार थांबतो, सायंकाळी अधिक थकतो आणि दुसऱ्या दिवशी खाडा करतो.

हा फरक बाहेरून दिसत नाही. विषाणूभार नगण्य असलेला, वजन सावरलेला मजूर निरोगी दिसतो आणि त्याच्या थांबण्याचा अर्थ आळस किंवा कामचुकारपणा असा लावला जातो. खरे कारण सांगितल्यास संसर्ग उघड होण्याची भीती असते. त्यामुळे झेपत नसलेले काम ओढत राहणे किंवा काम सोडणे असे दोनच मार्ग त्याच्यापुढे उरतात. स्थलांतराच्या काळात औषधांत खंड पडल्यास ही स्थिती आणखी बिघडते.

श्रम म्हणजे व्यायाम नव्हे

शेतात राबणाऱ्या व्यक्तीला व्यायामाची गरज नाही, असा समज सर्वत्र आढळतो. अंगमेहनतीने शरीर हलते हे खरे असले तरी श्रम आणि व्यायाम यांत भेद आहे. एरोबिक व्यायामात हृदयाचा वेग काही काळ सलगपणे वाढवला जातो, त्यानंतर विश्रांती मिळते आणि भार आठवड्यागणिक थोडा वाढवला जातो. स्नायू व हृदय बळकट होण्याची क्रिया प्रामुख्याने विश्रांतीच्या काळात घडते. खुरपणी किंवा वेचणीसारखी कामे तासन्‌तास वाकून, परंतु कमी तीव्रतेने होतात. ऊसतोडीत तीव्रता असते, पण विश्रांती व पुरेसा आहार नसतो. कामाचे प्रमाणही हंगामानुसार बदलते. हंगामात ते झेपण्यापलीकडे जाते आणि उन्हाळ्यात जवळजवळ थांबते.

म्हणून अशा व्यक्तीला हंगामाच्या ऐन भरात अधिकचा व्यायाम सांगणे योग्य ठरत नाही. हंगामापूर्वीच्या मोकळ्या आठवड्यांत क्षमता वाढवणे आणि हंगामात विश्रांती, पाणी व आहार यांची काळजी घेणे अधिक उपयुक्त ठरते.

व्यायामाचे परिणाम

एचआयव्ही व व्यायाम यांवरील सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक अमेरिकेतील मायामी विद्यापीठात झाला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संसर्गाचा निकाल कळण्यापूर्वी पाच आठवडे स्थिर सायकलवर व्यायाम केलेल्या पुरुषांना, निकाल संसर्ग असल्याचा आला तरी, व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत कमी चिंता व नैराश्य जाणवले. प्रभावी औषधे उपलब्ध नसलेल्या त्या काळात व्यायामाने आजार बळावेल, अशी भीती होती. पुढील अभ्यासांत ही भीती निराधार ठरली.

कॅनडातील संशोधक केली ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध चाचण्यांचे पद्धतशीर आढावे घेतले. २०१६ च्या आढाव्यात २४ अभ्यास व ९३६ सहभागी होते. आठवड्यातून किमान तीन वेळा, निदान पाच आठवडे केलेला एरोबिक किंवा एरोबिक व बलवर्धक असा मिश्र व्यायाम स्थिर प्रकृतीच्या एचआयव्हीबाधित प्रौढांसाठी सुरक्षित असल्याचे त्यातून दिसले. कमाल ऑक्सिजन ग्रहण, स्नायूंचे बळ, शरीराची घडण आणि जीवनमान यांत सुधारणा झाली. एरोबिक व्यायामाने कमाल ऑक्सिजन ग्रहणात झालेली सरासरी वाढ दर किलोग्रॅममागे मिनिटाला सुमारे २.६ मिलिलिटर होती.

ही वाढ अल्प वाटली तरी परिणामकारक आहे. वरील उदाहरणातील मजुराचे मान २६ वरून २८.६ झाल्यास त्याची दिवसभराची क्षमता दहा टक्क्यांनी वाढते. ती निरोगी मजुराइतकी होत नाही, मात्र तेच काम कमी थांबून करता येते.

सीडी४ पेशींची संख्या व विषाणूभार यांत व्यायामाने उल्लेखनीय बदल होत नाही. घाम गाळल्याने विषाणू बाहेर पडतो, व्यायाम केल्यास गोळ्यांची गरज उरत नाही, हे समज चुकीचे आहेत. विषाणू औषधांनीच रोखला जातो. व्यायाम विषाणूने व आजारपणाने दुबळे केलेले शरीर सावरतो.

व्यायामाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शारीरिक हालचालींविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत एचआयव्हीसह जगणाऱ्या प्रौढांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम तीव्रतेची, किंवा ७५ ते १५० मिनिटे अधिक तीव्रतेची एरोबिक हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करावेत, असे त्यात म्हटले आहे. दीर्घकाळ निष्क्रिय असलेल्या व्यक्तीने दहा मिनिटांपासून आरंभ करून हळूहळू वेळ वाढवणे श्रेयस्कर असते.

तीव्रता ओळखण्याची सोपी खूण बोलण्याची आहे. मध्यम तीव्रतेच्या व्यायामात बोलता येते, पण गाता येत नाही. तीव्र व्यायामात काही शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. भरभर चालणे आणि सायकल चालवणे यांस खर्च फारसा येत नाही. वेगाने घातलेले सूर्यनमस्कार मध्यम किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे होऊ शकतात. संथ आसने व प्राणायाम मनःस्वास्थ्य आणि लवचिकतेस उपकारक असले तरी त्यांची तीव्रता कमी असल्याने ते चालण्याची जागा घेऊ शकत नाहीत. मराठवाड्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्या काळात व्यायाम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करणे आवश्यक असते.

घ्यावयाची काळजी

ताप, सक्रिय क्षयरोग, तीव्र रक्तक्षय, छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा झपाट्याने वजन घटणे अशी लक्षणे असल्यास आधी उपचार करावे लागतात. नव्याने एआरटी सुरू केलेल्यांनी प्रकृती स्थिर होईपर्यंत तीव्र व्यायाम टाळावा. पायांना बधिरता असल्यास बंद व मऊ पादत्राणे वापरावीत आणि तळपाय रोज तपासावेत. पुरेसे अन्न मिळत नसलेल्या व्यक्तीने व्यायाम वाढवल्यास वजन व स्नायू घटू शकतात. म्हणून व्यायामाचा सल्ला आहाराच्या चौकशीनंतरच दिला जातो.

बालके व किशोरवयीन

जन्मतः संसर्ग झालेल्या मुलांत वाढ खुंटणे, वारंवार होणारे फुफ्फुसांचे आजार आणि दीर्घ उपचार यांमुळे व्यायामक्षमता कमी राहू शकते. मराठवाड्यात लातूर जिल्ह्यातील हासेगावचे सेवालय आणि बीड जिल्ह्यातील इन्फंट इंडिया या संस्था एचआयव्हीबाधित मुलांचा सांभाळ करतात. अशा मुलांना खेळापासून दूर ठेवण्याचे वैद्यकीय कारण नसते. घाम, लाळ, हस्तांदोलन किंवा एकत्र खेळणे यांतून संसर्ग होत नाही. रक्तस्राव झाल्यास जखम झाकणे ही दक्षता सर्वच खेळाडूंनी घ्यावयाची असते.

सामाजिक व कायदेशीर बाजू

अमेरिकी बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सन यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीर केले आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक विजेत्या संघातून ते खेळले. संसर्ग असूनही उच्च दर्जाची शारीरिक कामगिरी शक्य आहे हे त्यातून जगाला दिसले. त्याच वर्षी सहखेळाडूंमधील भीतीच्या वातावरणात त्यांनी पुन्हा निवृत्ती घेतली.

भारतात एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संसर्गाच्या कारणावरून रोजगार, शिक्षण व आरोग्यसेवेत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली असून संमतीविना व्यक्तीची एचआयव्हीविषयक माहिती उघड करण्यावर निर्बंध घातले आहेत. रोजंदारीवरील शेतमजुराला मात्र लेखी करार नसल्याने, काम का नाकारले गेले हे सिद्ध करणे अवघड जाते. त्यामुळे दिवसभर काम पेलण्याची क्षमता हीच व्यवहारात त्याच्या रोजगाराची मुख्य शाश्वती ठरते. औषधे घेण्यासाठी होणाऱ्या भेटीत वजन, हिमोग्लोबिन व सहा मिनिटांत चाललेले अंतर यांची नोंद ठेवल्यास, ही क्षमता घटू लागल्याचे मजुरी बुडण्यापूर्वीच लक्षात येऊ शकते.

हे सुद्धा पहा

एचआयव्ही
एड्स
क्षयरोग
रक्तक्षय
चारठाणा